कोठीची वही : जानेवारी ते ऑक्टोबर 2025

5 जानेवारी 2025, रविवार

डिसेंबरच्या किराण्याची चिठ्ठी समोर घेऊन बसले. 6,840 रुपये. जुन्या वहीत मागच्या वर्षीचा डिसेंबर शोधला, 5,300. घरात माणसं तेवढीच: मी, हे, आई (माझ्या सासूबाई) आणि दोन लेकरं.

आमचं गाव हिंगणघाट–समुद्रपूर पट्ट्यात. शेत पाच एकर, काळी जमीन, विहीर आहे. पऱ्हाटी (कपाशी), सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी, मग हरभरा आणि एकरभर गहू. एवढं पिकवणाऱ्या घरात पीठ, डाळ, तेल, तिखट सगळं दुकानातून येतं. ऑक्टोबरात सोयाबीन 4,100 रुपये क्विंटलने गेलं, हमीभाव 4,892 असताना. त्याच्या महिनाभर आधी, 14 सप्टेंबर 2024 पासून, केंद्राने कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं होतं. आपल्या तेलबियांना भाव मिळावा म्हणून. देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळे तेल लगेच चढलं. पाकीट 115 चं 145 झालं. आमच्या सोयाबीनचा भाव होता तिथेच राहिला. ही गोष्ट मला फार लागली आहे. या वहीची सुरुवात तिथूनच.

चिठ्ठीची फोड केली. तेल 5 पाकिटं, 725. तूरडाळ 5 किलो, 750. गहू, साखर, चहा, साबण वगैरे धरून मोठा भाग. आणि पाच-दहा रुपयांचे पुडे: बिस्किटं, मसाल्याच्या पुड्या, लेकरांची कुरकुरीत पाकिटं. ते सगळे मिळून 1,130. म्हणजे तेलापेक्षाही जास्त. दोनदा बेरीज केली.

आमचं राशन कार्ड केशरी. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून धरलेल्या 14 जिल्ह्यांत वर्धा आहे, आणि या जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना 2023 पासून धान्याऐवजी खात्यात पैसे येतात. पैसे खात्यात आले की ते बियाण्याला जातात, दवाखान्याला जातात. पोतं घरात आलं असतं तर ते पोटातच गेलं असतं.

ठरवलं ते असं: मृग लागायच्या आत, म्हणजे 7 जूनपर्यंत, वर्षाची ज्वारी, गहू आणि तूरडाळ घरात. तिखट-हळद-लोणचं घरचं. रोख खर्च 15,000 च्या आत, कापसाच्या पैशातून. यांनी मान हलवली, पण म्हणाले, "ठेवशील कुठं? किडे खातात सगळं."

9 जानेवारी

यांच्या त्या प्रश्नावर आज आईंशी बोलले. आई सांगू लागल्या पेवाचं. त्यांच्या माहेरी वाड्याच्या अंगणात पेव होतं. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत कुटाराचा (भुसकटाचा) थर, त्यावर ज्वारी ओतायची आणि तोंड माती-शेणाने बुजवून टाकायचं. दोन-दोन वर्षं ज्वारी राहायची. "उघडलं की लगेच आत नाही उतरायचं वो. आधी दिवा सोडायचा. दिवा विझला तर आत जीव जातो."

मी ऐकून थांबले. म्हणजे आत हवाच उरत नव्हती. दाणा आणि त्यातला किडा मिळून प्राणवायू संपवायचे, आणि मग किडा जगत नसे. आज जाड प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशव्या दुकानात मिळतात, त्यांचं काम याच तत्त्वावर चालतं. आईंना ते कुणी शिकवलं नव्हतं, त्यांच्या घरात ते होत होतं.

72 च्या दुष्काळाचंही निघालं. त्या तेव्हा चौदा वर्षांच्या. राशनवर आलेली लाल मिलो ज्वारी, कामावर वाटलेली सुकडी. "पेव तेव्हा रिकामं होतं," एवढंच म्हणाल्या आणि उठून गोठ्यात गेल्या.

27 जानेवारी

तूर निघाली, पाच क्विंटलच्या जवळ. दरवर्षी सगळी विकतो आणि फेब्रुवारीतच दुकानातून डाळ आणतो. यंदा 90 किलो बाजूला काढली. हे कुरकुरले, कारण फवारणीची उधारी द्यायची होती. मग हिशोब मांडून दाखवला. तूर बाजारात 7,000 च्या आसपास जाते आहे (हमीभाव 7,550). 90 किलोचे 6,300. किलोला 8 रुपये भरडाई, 720. डाळ निघेल 59-60 किलो. म्हणजे 119 रुपये किलो पडते, दुकानात 150. वर चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, गाईला. हिशोब पाहून मानले.

11 फेब्रुवारी

डाळ करून आणली. शेजारच्या गावात एका बचत गटाकडे मिनी दाल मिल आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली. मला वाटलं होतं तूर टाकली की डाळ पडते. तसं नाही. पहिल्या फेरीत साल नुसतं खरवडलं जातं. मग तुरीला थोडं तेल चोळून रात्रभर झाकून ठेवतात, दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवतात आणि मग पुन्हा फिरवतात. तेल सालाच्या आत मुरतं, त्याने साल सुटतं. घाई केली तर डाळीचा चुरा होतो. 59 किलो डाळ, 20 किलो चुनी-भुसा, बाकी घट.

एक गोष्ट तिथल्या मावशींनी सांगितली ती लिहून ठेवते. कडधान्यातला भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, आतच वाढतो आणि गोल छिद्र पाडून बाहेर येतो. डाळ फोडली की त्याचं घर मोडतं. म्हणून तूर अख्खी ठेवण्यापेक्षा डाळ करून ठेवणं बरं.

डाळ पाच रिकाम्या तेलाच्या पिप्यांत भरली. पिपे गरम पाणी आणि राखेने घासून दोन दिवस उन्हात ठेवले होते. डाळीला किलोला चमचाभर एरंडेल चोळलं. झाकणाच्या फटीवर मेण.

24 फेब्रुवारी

कणगी आली. हिंगणघाटच्या बुरडाकडून, बांबूच्या तट्ट्याची, 900 रुपये. आईंनी आणि मी दोन दिवस लिंपली: शेण, पांढरी माती, बारीक कुटार. आतून दोन हात, बाहेरून तीन. आईंचा हात अजून इतका सफाईचा चालतो की मी नुसती माती देत राहिले. लिंपण वाळल्यावर जिथे जिथे तडा गेला तिथे पुन्हा हात फिरवला, कारण किड्याला तडाच लागतो.

यांनी बाजारातून एक जुना निळा ड्रम आणला, फार स्वस्तात. झाकण उघडलं तर औषधाचा उग्र वास. तीन पाण्यांनी धुतला तरी वास जाईना. मी त्यात पाणीसुद्धा ठेवू दिलं नाही, परत पाठवला. आत काय होतं ते सांगता येत नसेल तर तो ड्रम अन्नाला चालत नाही. अन्न साठवायचे म्हणून मिळतात ते नवे घेतले: 200 लिटरचा 1,400 ला, 120 लिटरचा 900 ला. खर्च खुपला, पण हे मी मनापासून बरोबर समजते.

6 मार्च

ज्वारी घेतली, 2 क्विंटल, गावातल्याच एका काकांकडून, 2,600 ने. गावात ज्वारी पेरणारी आता दोनच घरं उरली. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं उभं पीक झोपवतात, कणसात पाणी शिरलं की दाणा काळा पडतो, आणि राखणीला रात्री माचावर झोपायला माणूस नाही. काका म्हणाले, "खायला भाकर पाह्यजे म्हणून पेरतो, इकाले नाही."

कणगीत भरली. थराथरात कडुलिंबाचा पाला घातला.

19 मार्च

कणगीतून कुबट वास. हात घातला तर आत गरम. वरची ज्वारी उपसली तर दोन थरांमध्ये पाला काळा पडून चिकटलेला आणि त्याच्या भोवती ज्वारी बुरशीने गोळा झालेली.

चूक माझी. पाला हिरवा घातला होता, झाडावरून तोडून तासाभरात. त्याच्यातलं पाणी सगळं ज्वारीने ओढलं. आईंनी सावलीत सुकवलेला पाला म्हटलं होतं, मी फक्त "पाला" ऐकलं.

सगळी कणगी रिकामी केली. आठ-नऊ किलो ज्वारी टाकून दिली. गाईलाही घातली नाही; बुरशीचं विष शिजवून किंवा भाजून जात नाही आणि जनावरालाही बाधतं. उरलेली तीन दिवस उन्हात पसरली. आईंनी दाणा दाताखाली धरला. "नाही वाळली अजून. कट्कन वाजलं पाह्यजे." चौथ्या दिवशी वाजला.

3 एप्रिल

गहू निघाला. लोकवन. मागच्या वर्षी खळ्यावरूनच सगळा विकला होता. यंदा 2 क्विंटल 40 किलो ठेवला.

यावेळी दातावर विसंबले नाही, मिठाची परीक्षा केली. काचेची कोरडी बरणी, त्यात मूठभर गहू आणि तव्यावर भाजून कोरडं केलेलं चमचाभर मीठ. झाकण लावून जोरात हलवायची, मग दहा मिनिटं ठेवायची. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात ओल 15 टक्क्यांच्या वर आहे, साठवायचा नाही. पहिल्या दिवशी मीठ काचेला लागलं. गहू दिसायला खणखणीत होता, तरी. आणखी दोन ऊन दिली. मग मीठ तळाशी मोकळं राहिलं. तरीही अजून एक ऊन दिलं, कारण ही परीक्षा 15 पर्यंतचंच सांगते आणि वर्षभरासाठी ओल 12 टक्क्यांच्या खाली पाहिजे.

दुपारचा गरम गहू लगेच ड्रममध्ये ओतू नये. रात्रभर चादरीवर निवू दिला, नाहीतर झाकणाला आतून घाम सुटतो. मोठ्या ड्रममध्ये 150, लहानात 90. काठोकाठ. वर जागा राहिली की तेवढी हवा राहते आणि तेवढे किडे जगतात. ड्रम विटांवर ठेवलेल्या फळीवर, भिंतीपासून हातभर दूर. मागे झाडू फिरला पाहिजे आणि उंदीर दिसला पाहिजे.

जाऊबाईंनी ड्रममध्ये जळती मेणबत्ती ठेवून झाकण लावायचं सुचवलं, म्हणजे हवा जळून जाते. पण मेणबत्ती प्राणवायू पुष्कळ उरलेला असतानाच विझते. किड्याला तेवढा पुरून उरतो. आणि कोरड्या धान्यावर ज्योत ठेवायची मला हिंमत नाही.

एका घरी झोपायच्या खोलीतल्या कोठीत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकलेल्या पाहिल्या. तिथेच बसून सांगितलं, त्यांना राग आला तरी. दमट हवा लागली की त्या गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेल्या माणसाचा जीव घेतो, आणि त्याला उतारा नाही. ते काम मोकळ्या गोदामात, शिकलेल्या माणसाचं. घरात ती गोळी येऊच नये.

12 एप्रिल

सिलिंडर 8 तारखेपासून 50 रुपयांनी वाढला. डाळ आणि तांदूळ अर्धा तास भिजवल्याशिवाय चढवायचा नाही, असं ठरवलं. भाकरी अंगणातल्या चुलीवर. तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या काड्या, आहेतच. पऱ्हाटीच्या काड्यांचा ढीग आधी संपवते आहे, कारण वाळलेल्या बोंडात शेंदरी अळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. घराजवळ तो ढीग पावसाळ्यापर्यंत ठेवायचा नाही.

16 ते 24 एप्रिल

वाळवण. अंगण तापून पाय ठेववत नाही. चंद्रपूरला पारा 45 च्या वर गेला, इथेही त्याच्या मागोमाग.

यंदा विचार करून यादी बदलली. पापड, कुरड्या, सरगुंडे करायचे ते करायचेच, लेकरांना आवडतात आणि सणाला लागतात. पण पापड-कुरडई तळायला तेल लागतं आणि आमचा झगडा तेलाशीच आहे. म्हणून कुरड्या दोन किलो गव्हाच्याच केल्या आणि मुगवड्यांवर जोर दिला. मूठभर मुगवड्या, एक कांदा, दोन चमचे तेल, आणि पाच माणसांची रस्सा भाजी होते. पावसाळ्यात गावात भाजी येत नाही आणि आली तर परवडत नाही, तेव्हा हीच.

मुगाची डाळ 6 किलो. चार तास भिजवली, पाणी पूर्ण निथळलं, जाडसर वाटली. पातळ झाली की वडी पसरते आणि आतून ओली राहते. लसूण, आलं, जिरं, हिरवी मिरची. मीठ कमी, कारण वाळल्यावर ते वर येतं. पहाटे पाचला घालायला बसायचं, म्हणजे पहिलं ऊन वडीला थेट लागतं. शेजारच्या काकू आल्या, जाऊबाई आल्या, माझी दहा वर्षांची लेक आली. लेकीच्या वड्या सुपारीएवढ्या, आईंच्या बोराएवढ्या. आईंनी तिला मोडू दिल्या नाहीत, "तिच्या येगळ्या ठेव, आधी त्याच खाऊ" म्हणाल्या. चार दिवस वाळल्या. मोडून पाहिलं, आतला रंग बाहेरसारखा झाला की झालं.

कोहळ्याचे सांडगे पण केले, कोहळं घरचंच. आणि फेब्रुवारीत खुडून सावलीत सुकवलेली हरभऱ्याची भाजी होती, ती आता कोरड्या डब्यात गेली. भाजी उन्हात सुकवली की रंग आणि वास दोन्ही जातात. तिला सावली आणि वारा पाहिजे.

7 मे

तिखट. भिवापुरी मिरची 5 किलो, 240 ने. भिवापूर आमच्यापासून फार लांब नाही आणि त्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. देठ काढून दोन ऊन दिली आणि गिरणीत दळून आणली. पुड्यांतल्या तिखटाला हा वास नसतो. बरणीत भरून वर हिंगाचे दोन खडे.

हळद वायगावची, 2 किलो 400 रुपयांना. समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव, घरापासून मोटारसायकलीच्या अंतरावर. त्या हळदीलाही मानांकन आहे. इतकी वर्षं आम्ही दहा रुपयांच्या पुडीतली हळद खात होतो याचं मला खरंच वाईट वाटलं.

24 मे

वळवाचा पाऊस थांबत नाही. मे महिना असा ओला मी पाहिलेला नाही. जाऊबाईंनी वाळवण मेमध्ये ठेवलं होतं, दरवर्षी तसंच करतात. चार किलो गव्हाच्या कुरड्या गच्चीवर भिजल्या, दुसऱ्या दिवशी आंबूस. त्या रडल्या. आमच्यातल्या थोड्या मुगवड्या आणि कुरड्या त्यांच्याकडे दिल्या. पुढच्या वर्षी दोन्ही घरांचं वाळवण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, एकत्र.

4 जून

लोणचं. झाडाच्या कैऱ्या, 7 किलो फोडी. फोडी पुसून, फडक्यावर पंख्याखाली पूर्ण कोरड्या केल्या. किलोला 180 ग्रॅम मीठ. आरोग्याच्या नावाने मीठ कमी करायचं असेल तर लोणचं कमी खावं, बरणीत मीठ कमी करू नये. तेच राखण करतं.

8 जून

मृग लागला. मोजणी: ज्वारी 1 क्विंटल 60, गहू 1 क्विंटल 97, तूरडाळ 41 किलो, अख्खा हरभरा 40 किलो, मुगवड्या साडेचार किलो, तिखट, हळद, लोणचं. हातचा रोख खर्च 11,320: ज्वारी 5,200, भरडाई 720, ड्रम 2,300, कणगी 900, मिरची 1,200, हळद 400, मूग आणि खडा मसाला मिळून 600. 15,000 च्या आत बसलं. आईंनी कोठीच्या दाराशी कुंकवाचं बोट लावलं.

21 जून

तेलाचं लिहायचं राहून जात होतं.

आधी घाणीचा विचार केला. घाणीवाल्याकडे जाऊन हिशोब काढला. शेंगदाणे 10 किलो, 1,150. गाळप 150. तेल निघतं 4 किलो, पेंड साडेपाच किलो, तिचे 220 धरले. म्हणजे तेल 270 रुपये किलो पडलं. चांगलं तेल आहे, पण काटकसर म्हणून कोणी सांगत असेल तर तो हिशोब बरोबर नाही. जवसाचं तर अजून वेगळं, ते तेल लवकर खवट होतं, जवस दाण्यातच ठेवावं आणि लागेल तेवढं भाजून कुटावं.

मग पाकीट नीट वाचलं. लिटरभर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. या पाकिटावर बारीक अक्षरात 850 ग्रॅम. 145 रुपयांना 850 ग्रॅम म्हणजे किलोला 170. 15 किलोचा पिपा 2,340 ला मिळाला, 156 ने. तीन घरांनी मिळून घेतला, पाच-पाच किलो वाटून. आणि महिन्याची पाच पाकिटं, म्हणजे सव्वाचार किलो, होती ती 3 किलोवर आली. कशी? तळण आठवड्यातून एकदा. फोडणीला पळी नाही, चमचा. भाजीला घट्टपणा तेलाऐवजी भाजलेल्या जवसाच्या आणि तिळाच्या कुटाने. लेकरांनी पहिले पंधरा दिवस तोंडं वाकडी केली. आता जवसाची चटणी स्वतःहून मागतात.

पुड्यांसाठी रविवारी मुरमुऱ्याचा चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू. 1,130 चे 430 झाले. लेकरांना दुकानात जायला पूर्ण बंदी केली नाही. आठवड्याला एक पुडा त्यांच्या आवडीचा, हे त्यांच्याशी बोलून ठरवलं आहे.

14 जुलै

हरभऱ्याला भुंगा लागला.

ज्वारीला कणगी, गव्हाला ड्रम, डाळीला पिपे केले, आणि 40 किलो हरभरा बारदानाच्या पोत्यात दिवाणाखाली तसाच राहिला. उपासाच्या धामधुमीत पंधरा दिवस पाहिला नाही. आज दिवाण सरकवला तर जमिनीवर पिठाची रेघ आणि तपकिरी भुंगे चालत होते. दाणे हातात घेतले तर छिद्रं, आणि चांगल्या दाण्यांवर पांढरी टिंबं, म्हणजे अंडी. फेब्रुवारीत मावशींनी जे सांगितलं होतं ते मीच लिहून ठेवलं होतं.

ऊन नाही. उन्हाळा असता तर काळ्या प्लॅस्टिकवर पसरून वरून पारदर्शक प्लॅस्टिक झाकलं असतं, आत इतकं तापतं की अंडीसुद्धा मरतात. पावसाळ्यात तो उपाय नाही. दिवसभर पाखडलं. 13 किलो फार खराब, ते कोंबड्यांना थोडं थोडं. उरलेल्या 27 किलोंपैकी 20 लगेच गिरणीत नेऊन डाळ करून आणली. त्यातली चार किलो भाजून बेसन, बाकी पिप्यात. सात किलो बियाण्याला आणि उसळीला ठेवला, त्याला किलोला चमचाभर तेल चोळलं, एकेका दाण्याला लागेल असं. तेलाच्या थराने अंडं दाण्यावर धरत नाही आणि धरलेलं गुदमरतं.

हे काही बोलले नाहीत. माझ्याबरोबर पाखडत बसले.

22 ऑगस्ट, पोळा

पुरण घरच्या हरभरा डाळीचं, पोळ्या घरच्या गव्हाच्या, कढी, वडे, मुगवड्यांची भाजी. बैल आता एकच जोडी गल्लीत उरली, तिला सगळ्यांनी मिळून नैवेद्य दाखवला. दुकानातून फक्त गूळ आणि वेलची आणली.

12 सप्टेंबर

हिशोब. ऑगस्टचा किराणा 4,050. डिसेंबरपेक्षा 2,790 ने कमी. यावर खूश होऊन थांबणं सोपं होतं, पण घरचं ठेवलेलं धान्य फुकट नाही. विकलं असतं तर तुरीचे 6,300 आणि गव्हाचे 6,000 आले असते. त्याचे महिन्याला 1,025. ज्वारीचे 433. ते वजा केले तर बचत 1,332 रुपये महिना (भरडाई, तिखट-हळद, मूग-मसाला आणि हरभरा यात धरलेला नाही). कणगी आणि ड्रमचे 3,200 तीन महिन्यांत फिटतात.

बचत कुठून आली ते पाहिलं तर माझा अंदाज चुकला होता. जानेवारीत मला वाटलं होतं डाळीत पैसे वाचतील. तूरडाळ दुकानात आता 118 ला आली आहे. सरकारने तुरीची विनाशुल्क आयात मार्च 2026 पर्यंत वाढवली आहे, बाहेरची तूर येते आहे. माझी डाळ 119 ला पडली. म्हणजे डाळीत एक पैसा वाचला नाही, आणि तूर विकणाऱ्या माझ्या शेतकरी भावांचं तर नुकसानच आहे. तरी मला डाळ केल्याचा पश्चात्ताप नाही. ऑगस्टात यांना ताप आला, आठ दिवस मजुरी आणि बाजार दोन्ही बंद होते, तेव्हा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत आमचं नाव चढलं नाही. भाव चढेल म्हणून मी साठवत नाही. घरात असावं म्हणून साठवते. पैसे वाचले ते मुख्यतः पुड्यांत 700 आणि तेलात 257.

दुकानदार काकांशी बोलले. त्यांच्याकडून माल कमी झाला तर त्यांनाही लागतं. पिपा त्यांच्याकडूनच आणतो आम्ही तीन घरं, रोखीने. ते म्हणाले रोखीचं एक गिऱ्हाईक उधारीच्या तीन गिऱ्हाइकांच्या बरोबरीचं.

28 सप्टेंबर

पाऊस थांबत नाही. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटायला लागलेत. ड्रम आणि पिपे तपासले, सगळं कोरडं. ज्वारीची कणगी एका बाजूने ओलसर वाटली, भिंतीकडून. सरकवून, लिंपण शेकोटीच्या धगीने वाळवून, पुन्हा सारवली.

14 ऑक्टोबर

पुढच्या वर्षाचं बोललो, रात्री जेवल्यावर, सगळे. वाळवण एप्रिलमध्ये. अख्खं कडधान्य पोत्यात एक दिवसही नाही. कडुलिंबाचा पाला आतापासून सावलीत बांधून ठेवला आहे. 120 लिटरचा अजून एक ड्रम.

रब्बीत हरभऱ्याच्या कडेने चार ओळी जवसाच्या आणि बांधाला करडईच्या दोन, काटेरी असल्याने जनावर आत येत नाही. यांनी अर्धा एकर ज्वारीही पुढच्या खरिपात पेरायची म्हटलं, काकांच्या शेताला लागून, म्हणजे राखण दोघांत होईल.

जवसाचं बी विकत आणायचं नाही. आईंनी कोनाड्यातून मातीचं लहान मडकं काढलं, तोंड फडक्याने बांधलेलं, राखेत ठेवलेलं. मार्चमध्ये मूठभर जवस त्यांनी मला न सांगता बाजूला ठेवलं होतं. ओल्या फडक्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवले आहेत, चार दिवसांनी मोजायचे.

18 ऑक्टोबर

शंभरातले 91 उगवले.